आरोपीच्या पिंजऱ्यातील माणूस : मराठी न्यायालयपट, अभिनय आणि वीरा साथीदार

प्रास्ताविक

चित्रपट हे इतिहासाचे साधन मानावे काय, हा प्रश्न इतिहासाच्या अध्यापकांमध्ये अधूनमधून चर्चिला जातो आणि बहुधा अनिर्णितच राहतो. दस्तऐवज, शिलालेख, नाणी, वृत्तपत्रे, मौखिक परंपरा यांच्या पंक्तीत कथाप्रधान चित्रपटाला बसविण्यास आपण कचरतो. त्यातील घटना कल्पित असतात, हे त्याचे कारण. परंतु घटना कल्पित असली, तरी ती घटना साकारणारे शरीर, आवाज आणि बोली कल्पित नसतात. अभिनेता कोण आहे, तो कोणत्या वस्तीतून आला आणि कॅमेऱ्यासमोर उभा राहण्यापूर्वी त्याने काय केले, हे प्रश्न इतिहासाच्या कक्षेत येतात.

प्रस्तुत लेखात चैतन्य ताम्हाणे दिग्दर्शित ‘कोर्ट’ (२०१४) या चित्रपटातील अभिनयाचा या दृष्टीने विचार केला आहे. यात आरोपीची भूमिका करणारे वीरा साथीदार हे नागपूरचे. ते व्यवसायाने नट नव्हते. ‘विद्रोही’ या नियतकालिकाचे संपादक, आंबेडकरी चळवळीचे कार्यकर्ते आणि गाणारे म्हणून ते या शहरात परिचित होते. त्यांचा अभिनय समजून घ्यावयाचा, तर मराठीतील न्यायालयनाट्याच्या सुमारे अर्धशतकाच्या प्रवासाकडे पाहणे आवश्यक ठरते. म्हणून ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९७१) या चित्रपटाचा आणि नागपुरातील एका घटनेवर आधारलेल्या ‘२०० हल्ला हो’ (२०२१) या हिंदी चित्रपटाचा संदर्भ येथे घेतला आहे.

खेळातला खटला

विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक १९६७ साली रंगायनने रंगभूमीवर आणले. दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचे होते आणि लीला बेणारे या शिक्षिकेची भूमिका सुलभा देशपांडे यांनी केली. पुढे सत्यदेव दुबे यांनी त्यावर १९७१ साली चित्रपट केला. छायाचित्रण गोविंद निहलानी यांचे होते. सुलभाताई आणि अरविंद देशपांडे यांच्यासोबत अमरीश पुरी व अमोल पालेकर यात होते. पालेकरांचा हा पहिला चित्रपट. या दोन नावांकडे पुढे पुन्हा वळावे लागेल.

कथानक सुपरिचित आहे. मुंबईची एक हौशी नाटकमंडळी प्रयोगासाठी गावात येते. हाताशी वेळ असल्यामुळे गंमत म्हणून एक लुटुपुटीचा खटला उभा करते आणि बेणारेबाईंवर भ्रूणहत्येचा आरोप ठेवते. गंमत हळूहळू संपते आणि खेळाच्या आडून एका अविवाहित गर्भवती स्त्रीची खरीखुरी झडती सुरू होते. ज्या प्राध्यापकामुळे ती या अवस्थेत आली, तो गैरहजर असतो. शेवटी आरोपीला बोलण्यासाठी मोजके सेकंद दिले जातात. त्या सेकंदांत इतर सर्व पात्रे गोठतात आणि बेणारे दीर्घ स्वगत बोलते. ते स्वगत प्रेक्षकांना ऐकू जाते. न्यायालयाला मात्र जात नाही. नोंद होते ती फक्त निकालाची.

मराठी अभिनयाच्या इतिहासात या स्वगताला मोठे स्थान आहे. एका प्रशिक्षित, सिद्धहस्त अभिनेत्रीच्या वाणीतून आरोपीची बाजू प्रथमच पूर्णपणे ऐकू आली. चित्रपट आला त्याच वर्षी संसदेने वैद्यकीय गर्भपाताचा कायदा संमत केला आणि १ एप्रिल १९७२ पासून तो अमलात आला, हा योगायोग वर्गात सांगण्याजोगा आहे. कायदा बदलला, पण बेणारेच्या नोकरीवर गदा आणणारी शाळेची समिती त्या कायद्याच्या कक्षेत येत नव्हती. तेंडुलकरांचा रोख कलमांपेक्षा मध्यमवर्गीय नीतिमत्तेवर होता. त्यांच्या या न्यायालयात न्यायाधीश, वकील, साक्षीदार आणि आरोपी ही सर्व पात्रे एकाच सामाजिक थरातली आहेत. जात हा शब्द तेथे उच्चारला जात नाही, कारण त्याची गरज कोणालाच भासत नाही. ही नाटकाची मर्यादा म्हणून नव्हे, काळाची खूण म्हणून नोंदविणे योग्य.

यानंतरच्या दोन दशकांत हिंदी चित्रपटाने न्यायालयाला वक्तृत्वाचा आखाडा केले. ‘दामिनी’ (१९९३) मधील खटला आजही अनेकांना तोंडपाठ असतो. त्यातील कावेबाज वकील अमरीश पुरींनीच रंगविला होता. आपले विद्यार्थी न्यायालयाची जी कल्पना घेऊन महाविद्यालयात येतात, ती बहुतांशी अशा चित्रपटांतून आलेली असते. वकील ओरडतो, टेबलावर हात आपटतो, अखेरच्या क्षणी साक्षीदार दारातून आत येतो. प्रत्यक्ष जिल्हा न्यायालयाच्या व्हरांड्यात एक दिवस काढलेल्या माणसाला मात्र तारीख म्हणजे काय, हे ठाऊक असते.

‘कोर्ट’मधील कंटाळा

‘कोर्ट’चे वैशिष्ट्य असे की, तो तारखेचा चित्रपट आहे. शाहीर नारायण कांबळे मुलांच्या शिकवण्या घेऊन कार्यक्रमाला जातात आणि व्यासपीठावर गात असताना त्यांना अटक होते. आरोप असा की, त्यांच्या गाण्यातून चिथावणी मिळून वासुदेव पवार या सफाई कामगाराने गटारात उतरून आत्महत्या केली. भारतीय दंड संहितेचे कलम ३०६, आत्महत्येस प्रवृत्त करणे, कमाल शिक्षा दहा वर्षे. खटला मुंबईच्या सत्र न्यायालयात चालतो, म्हणजे चालत नाही. पुढची तारीख पडते, पंच तोच असतो जो इतर खटल्यांतही पंच होता, आणि बिनबाह्यांचे कपडे घातले म्हणून एका महिलेचे प्रकरण त्या दिवशी ऐकलेच जात नाही.

हा चित्रपट २०१४ च्या व्हेनिस महोत्सवात ओरिझोंती विभागात सर्वोत्कृष्ट ठरला. तेथेच त्याला पदार्पणाच्या चित्रपटासाठीचा पुरस्कारही मिळाला. २०१४ सालचे सर्वोत्कृष्ट कथाचित्रपटाचे सुवर्णकमळ त्याला मिळाले. ‘श्यामची आई’, ‘श्वास’ आणि ‘देऊळ’ यांच्यानंतर हा मान मिळविणारा तो मराठी चित्रपट. एप्रिल २०१५ मध्ये तो सर्वत्र प्रदर्शित झाला आणि त्याच वर्षी भारताकडून ऑस्करसाठी पाठविला गेला. पुरस्कारांची ही जंत्री एवढ्यावरच थांबविणे बरे, कारण पुरस्कारांमुळे अभिनयाकडे काहीसे दुर्लक्षच झाले.

गीतांजली कुलकर्णी यांनी रंगविलेली सरकारी वकील नूतन हे या चित्रपटातील सर्वांत अवघड काम होय. कुलकर्णी राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकलेल्या. नूतन खलनायिका नाही. ती युक्तिवाद करीत नाही, कागद वाचते. इंग्रजीतील कलमे ती एका सुरात, स्वल्पविरामाची पर्वा न करता, घाईने वाचते. त्यात १८७६ च्या नाट्यप्रयोग नियंत्रण कायद्याचा हवालाही येतो. मग ती लोकलने घरी जाते. डब्यात शेजारणीशी साडी आणि तेल यांवर बोलते, मुलाला घेते, स्वयंपाक करते. दिवसभर एका माणसाचे आयुष्य संपविण्याची मागणी करणारी बाई संध्याकाळी आपल्या शेजारच्या घरातली वाटते. कुलकर्णींनी या दोन्ही ठिकाणी आवाजाची पट्टी बदललेली नाही. या अभिनयातले भयंकर ते हेच. प्रस्तुत लेखकाच्या मते मराठी चित्रपटातील गेल्या काही दशकांच्या अभिनयात इतका संयम क्वचितच आढळेल.

विवेक गोंबर (ते चित्रपटाचे निर्मातेही आहेत) बचाव पक्षाचे वकील विनय व्होरा साकारतात. व्होरा सुस्थितीतील गुजराती घरातला, मोटारीत जाझ ऐकणारा, महागड्या दुकानातून खरेदी करणारा. त्याची सहानुभूती खरी आहे, पण आरोपीचे जगणे त्याला कागदांतूनच कळते. प्रदीप जोशी यांचे न्यायमूर्ती सदावर्ते सौम्य, व्यवस्थित आणि नियमांना धरून वागणारे आहेत. न्यायालयाला उन्हाळ्याची सुटी लागते, खोलीतले दिवे एकेक करून मालवले जातात, पडदा बराच वेळ काळा राहतो. प्रेक्षकाला वाटते, चित्रपट संपला. मग आपल्याला न्यायमूर्ती सहलीवर दिसतात. तेथे ते एका परिचिताला मुलाच्या बोलण्याच्या अडचणीवर नाव बदलण्याचा आणि अंगठीतील खड्याचा उपाय सुचवितात.

या तिघांच्या घरी कॅमेरा जातो. आरोपीच्या घरी तो सुरुवातीला थोडासा जातो आणि मग नाही. नूतन, व्होरा आणि सदावर्ते यांना आयुष्ये आहेत. कांबळेंना खटला आहे. दिग्दर्शकाची ही योजना असावी. तिची दुसरी बाजू अशी की, कांबळे उभे करणाऱ्या माणसाजवळ स्वतःचे शरीर सोडून दुसरे साधन उरत नाही.

साक्ष देणारी विधवा

साथीदारांकडे वळण्यापूर्वी आणखी एका भूमिकेची नोंद करणे अगत्याचे आहे. मृत कामगाराची पत्नी शर्मिला पवार हिची भूमिका उषा बाणे यांनी केली आहे. त्या स्वतः अशाच एका सफाई कामगाराच्या विधवा. पिंजऱ्यात उभी राहून ती सांगते की, नवऱ्याला सुरक्षेची साधने मिळत नव्हती. गटारातून झुरळ बाहेर आले, तर आत हवा आहे असे समजून तो उतरत असे. वायूमुळे त्याचा एक डोळा गेला होता. ही वाक्ये ती रडून सांगत नाही. रोजचा बाजार सांगावा तशी सांगते. सुनावणीनंतर वकील तिला मोटारीतून सोडतो आणि पैसे देऊ करतो. ती ते नाकारते आणि काही काम असेल तर बघा, असे म्हणते.

या साक्षीशेजारी कायद्याचा इतिहास ठेवून पाहावा. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा पहिला केंद्रीय कायदा १९९३ चा. दुसरा, गटारांची धोकादायक सफाई स्पष्टपणे आपल्या कक्षेत घेणारा, २०१३ चा. २७ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १९९३ पासून गटारात मृत्यू पावलेल्या कामगारांच्या कुटुंबांना प्रत्येकी दहा लाख रुपये देण्याचा आदेश दिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये ही रक्कम तीस लाख करण्यात आली. म्हणजे ‘कोर्ट’ व्हेनिसला दाखविला गेला, तेव्हा जबाबदारी कोणाची, हे कायद्याने सांगितलेले होते. चित्रपटातील खटला मात्र कामगाराला साधनांशिवाय गटारात उतरविणाऱ्यावर भरलेला नाही. तो गाणाऱ्यावर भरलेला आहे. हा विरोधाभास कोणतेही पात्र भाषण करून उघड करीत नाही. तो फक्त बाणे यांच्या सपाट आवाजात शिल्लक राहतो. बेणारेच्या स्वगताचे ४७ वर्षांनंतरचे रूप शोधायचे झाल्यास ते येथे आहे, आणि ते स्वगत नाही.

वीरा साथीदार

आता नारायण कांबळे. चित्रपटात त्यांना बोलायला फारसे मिळत नाही. गाणी दोन-तीन, ती संभाजी भगत यांची. भगत हे स्वतः मुंबईच्या शाहिरी परंपरेतले. उरलेला वेळ कांबळे उभे असतात. न्यायालयात ‘असे गीत आपण लिहिले आहे काय’ या अर्थाचा प्रश्न येतो, तेव्हा अजून लिहिलेले नाही, पण लिहायला हरकत नाही, अशा आशयाचे उत्तर ते देतात. व्यावसायिक नटाने हे वाक्य टाळीचे केले असते. साथीदारांनी ते चौकशीला सरावलेल्या माणसासारखे उच्चारले आहे. त्यात उर्मटपणा नाही आणि विनवणीही नाही.

हा सराव कोठून आला, याचे उत्तर अभिनयशाळेत सापडणार नाही. विसाव्या शतकातील आंबेडकरी जलशांपासून वामनदादा कर्डकांपर्यंत आणि पुढे विलास घोगरेंपर्यंत गाणे हे महाराष्ट्रात राजकीय शिक्षणाचे साधन राहिले आहे. ११ जुलै १९९७ रोजी मुंबईच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मृत्युमुखी पडले आणि त्यानंतर काही दिवसांतच घोगरे यांनी आत्महत्या केली. आनंद पटवर्धन यांच्या ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) या माहितीपटाचा प्रारंभ त्याच मृत्यूपासून होतो. त्या दशकात कबीर कला मंचाच्या कलावंतांवरही बेकायदेशीर कारवाया प्रतिबंधक कायद्याखाली खटले झाले. ‘कोर्ट’मध्ये जामिनावर सुटलेल्या कांबळेंना याच कायद्याखाली पुन्हा अटक होते. झारखंडमधील लोककलावंत जीतन मरांडी यांचे प्रकरण ताम्हाणे यांच्यासमोर होते. मरांडी यांना २०११ साली खालच्या न्यायालयाने फाशीची शिक्षा दिली आणि त्याच वर्षी उच्च न्यायालयाने ती रद्द केली. साथीदार या परंपरेच्या नागपुरी शाखेतले. ही शाखा दीक्षाभूमीच्या शहरात, वस्त्यांमध्ये, जयंतीच्या मंडपांत आणि छोट्या नियतकालिकांत वाढली. तिचा लिखित इतिहास अद्याप तुटपुंजा आहे.

म्हणूनच कांबळेंचे उभे राहणे हा पुरावा आहे, असे म्हणावेसे वाटते. ते पिंजऱ्याच्या कठड्याला हात लावून उभे राहतात, वकिलांच्या इंग्रजीकडे कान देतात, पण चेहऱ्यावर उत्सुकता आणत नाहीत. निकाल काय लागेल, यापेक्षा आज किती वेळ जाईल, याचा अंदाज घेणारे ते डोळे आहेत. दीर्घ, स्थिर आणि दुरून घेतलेल्या चित्रणामुळे त्यांचा चेहरा पडद्यावर मोठा होत नाही. तो इतरांमध्ये राहतो. बी.ए.च्या वर्गात हा चित्रपट दाखविला, तेव्हा मागच्या बाकावरील एका विद्यार्थ्याने विचारले, ‘सर, हा माणूस नट आहे की खरोखरचा आरोपी?’ वर्ग हसला. प्रश्न मात्र हसण्यासारखा नव्हता, आणि त्या दिवशी त्याला नीट उत्तर देता आले नाही, हे कबूल करावयास हवे.

आक्षेप असा घेता येईल की, कार्यकर्त्याने कार्यकर्त्याचीच भूमिका केली, यात अभिनय तो कोणता? या आक्षेपात तथ्य आहे, परंतु अर्धेच. कांबळे हे साथीदारांहून वयस्क आहेत, मुंबईचे आहेत, त्यांची गाणी दुसऱ्याची आहेत. शिवाय स्वतःसारखे वागणे हे कॅमेऱ्यासमोर सर्वांत अवघड असते, हे महाविद्यालयीन स्नेहसंमेलनात निवेदन करावे लागलेल्या कोणत्याही प्राध्यापकास मान्य होईल.

नागपूरचे न्यायालय, पडद्यावरचे

नागपूरच्या न्यायालयावर थेट आधारलेला चित्रपट वेगळाच आहे. १३ ऑगस्ट २००४ रोजी कस्तुरबानगरात दीर्घकाळ दहशत माजविणारा, अनेक स्त्रियांवरील अत्याचारांचा आरोप असलेला अक्कू यादव याला नागपूरच्या जिल्हा न्यायालयात जमावाने ठार केले. जमावात वस्तीतील स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. खटला दहा वर्षे चालला आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये पुराव्याअभावी आरोपींची निर्दोष मुक्तता झाली. ‘कोर्ट’ महोत्सवांतून दाखविला जात होता, ते हेच महिने.

सार्थक दासगुप्ता दिग्दर्शित ‘२०० हल्ला हो’ ऑगस्ट २०२१ मध्ये प्रदर्शित झाला. रिंकू राजगुरू आणि बरुण सोबती यांची कामे त्यात चांगली आहेत. परंतु लक्षात राहतात ते निवृत्त न्यायाधीश विठ्ठल डांगळे झालेले अमोल पालेकर. १९७१ मध्ये बेणारेच्या खटल्यातील एक खेळगडी असलेला नट पन्नास वर्षांनी दलित न्यायमूर्ती म्हणून पडद्यावर येतो. आपली जात आपल्या पदाच्या आड येऊ न देण्याची सवय लागलेला हा माणूस आहे, आणि ती सवय सुटताना पालेकर आवाज किंचितही चढवीत नाहीत. अभिनय म्हणून ही कामगिरी मोठीच. तथापि, शेवटी न्यायालयात बोलतो तो एक सुशिक्षित पुरुष, आणि स्त्रिया ऐकतात. २००४ साली त्या खोलीत कोणी कोणाचे ऐकून घेतले नव्हते. त्या दिवशी जे घडले ते न्याय होते की न्यायाच्या अभावाचा परिणाम, हा प्रश्न अस्वस्थ करणारा आहे. थरारपटाच्या चौकटीत तो एका परिणामकारक भाषणात मिटविला गेला आहे. बाणे यांच्या सपाट साक्षीनंतर हे भाषण ऐकले की त्यातील सफाई टोचू लागते.

पालेकरांचा हा चित्रपट आला, तेव्हा साथीदार हयात नव्हते. १३ एप्रिल २०२१ रोजी, आंबेडकर जयंतीच्या आदल्या दिवशी, कोरोनाने नागपुरात त्यांचे निधन झाले. ते दिवस असे होते की, शहरात अंत्ययात्रेला माणसे जमणे शक्य नव्हते.

चित्रपटात ज्या कायद्यांची कलमे नूतन वाचते, त्यांचेही पुढे बरेच काही झाले. १८७६ चा नाट्यप्रयोग कायदा संसदेने रद्द केला. २०१७ चा तो निरसन कायदा जानेवारी २०१८ मध्ये अस्तित्वात आला. राजद्रोहाच्या कलम १२४-अ खालील कारवाई सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्थगित ठेवली. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिताच गेली आणि भारतीय न्याय संहिता आली. आत्महत्येस प्रवृत्त करण्याचा गुन्हा आता कलम १०८ मध्ये आहे. देशाचे सार्वभौमत्व व एकता धोक्यात आणणाऱ्या कृत्यांसाठी कलम १५२ आहे. मे २०२५ मध्ये नागपुरात विदर्भ साहित्य संघाच्या सभागृहात वीरा साथीदार यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ कार्यक्रम झाला. त्यात फैज अहमद फैज यांची एक नज्म गायली गेली. त्यानंतर सीताबर्डी पोलीस ठाण्यात आयोजकांविरुद्ध गुन्हा नोंदविण्यात आला. लावलेल्या कलमांमध्ये १५२ होते.